मशीन बंद पाडायचा अधिकार

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नेलला, म्हणजे तिच्या गाभ्याला, स्वतःच्या कारभारात काही भलतंच आढळलं की तो लॉगमध्ये आधी एक तुटक रेघ ओढतो. रेघेच्या मधोमध ‘कट हिअर’ असं लिहिलेलं असतं. इथून खालचं सगळं जसंच्या तसं उचलून पाठवा, आपली अक्कल लावून मधलं गाळू नका, असा त्याचा मतलब. माझा कामाचा बराचसा दिवस या रेघेच्या खाली जातो. कारखान्यांत लागणाऱ्या छोट्या लिनक्स डब्यांचे ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअरशी बोलणारा कोड, लिहायचे आणि दुसऱ्यांनी लिहिलेले तपासायचे, हा माझा धंदा. डबा म्हणजे खरोखर डबाच. इलेक्ट्रिक पॅनेलच्या आत पट्टीवर अडकवलेला, ना स्क्रीन ना कीबोर्ड, दोन-तीन दिवे आणि चार वायरी. इंदूरच्या आसपास पिथमपूरला, देवासला असे डबे भिंतींवर मुकाट बसलेले असतात. मोटारींचं तापमान वाचतात, माल वाहणारा पट्टा चालू ठेवायची परवानगी देतात किंवा काढून घेतात.

त्या रेघेखाली मुख्यतः दोन प्रकारची प्रकरणं येतात. पहिलं ‘बग-ऑन’चं. प्रोग्रामर कोडमध्ये लिहून ठेवतो की अमुक अट खरी निघाली तर पुढे एक पाऊल टाकायचं नाही. दुसरं ‘वॉर्न-ऑन’चं. अट तिथेही असते, पण खरी निघाली तर ओरडायचं, कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं ती साखळी छापायची आणि काम चालू ठेवायचं. इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरवर कित्येक वर्षं या दोन्हींच्या पोटात एकच सूचना बसलेली असते, यूडी-टू. दोन बाइटांची, ०एफ आणि ०बी. ही सूचना मुद्दामच ‘अवैध’ म्हणून राखून ठेवलेली आहे. ती समोर आली की प्रोसेसर हातातलं काम टाकतो आणि कर्नेलच्या अपवाद हाताळणाऱ्या भागात उडी मारतो. तो भाग एक तक्ता उघडतो. या पत्त्यावरची सूचना कोणत्या फाइलमधल्या कितव्या ओळीची आहे, आणि तिच्यापुढे ‘ही नुसती ताकीद’ अशी खूण आहे का, एवढंच बघतो. खूण असेल तर मजकूर छापायचा, ते दोन बाइट ओलांडायचे आणि पुढे चालू लागायचं. नसेल तर खेळ खलास.

म्हणजे मशीन जगणार की जाणार हे तक्त्यातल्या एका बिटावर ठरतं. तो बिट कुणीतरी, कुठल्यातरी देशात, बहुधा रात्री उशिरा, ‘हे असं कधी होणारच नाही’ या खात्रीने टाइप केलेला असतो. ते मशीन पुढे कुठे लागणार, त्याच्या भरवशावर काय चालणार, हे त्याला ठाऊक नसतं. मला या व्यवसायात राहून राहून एकाच गोष्टीचं नवल वाटत आलंय. ज्याला मशीन दिसतसुद्धा नाही, त्याच्या हाती ते बंद पाडायचा अधिकार इतका सहज कसा आला?

त्याचं एक उत्तर, लिनक्सने ज्याचा कित्ता गिरवला त्या युनिक्सच्या जन्मातच आहे. मल्टिक्स या आधीच्या अवाढव्य सिस्टिमवर काम केलेले टॉम व्हॅन व्ह्लेक एक आठवण सांगतात. मल्टिक्समधला निम्मा कोड चुकांतून सावरण्यासाठीच लिहावा लागतोय, असं ते एकदा युनिक्सच्या जनकांपैकी एक असलेल्या डेनिस रिची यांना म्हणाले. रिचींनी सांगितलं की आम्ही ते सगळं सोडूनच दिलं. आमच्याकडे पॅनिक नावाचं एक रूटीन आहे, चूक झाली की ते बोलवायचं, मशीन कोसळतं, मग बोळात हाक मारायची की अरे, पुन्हा चालू करा रे. तिथे ते शोभतही होतं. मशीन एक, ते त्याच इमारतीत, वापरणारे आणि लिहिणारे तेच, आणि हाक ऐकणारा माणूस हाकेच्या अंतरावर. त्या साधेपणातूनच युनिक्स उभं राहिलं, हे मी अजिबात नाकारत नाही. चुकांतून सावरणारा कोड स्वतःच चुकांनी भरलेला असतो, आणि तो क्वचितच चालत असल्यामुळे त्या चुका सापडतही नाहीत. पण पिथमपूरच्या पॅनेलमधल्या डब्यासाठी हाक मारायची तरी कुणाला? मूळ सेटिंग तसंच ठेवलं तर पॅनिक झालेला लिनक्स अनंत काळ नुसता उभा राहतो. लॅपटॉपवर निदान कॅप्स-लॉकचा दिवा लुकलुकतो. आमच्या डब्याला कॅप्स-लॉकही नाही. मग कधीतरी कुणा फिटरच्या लक्षात येतं की आकडे बऱ्याच वेळापासून बदललेले नाहीत. तो एमसीबी पाडतो, पुन्हा उचलतो आणि चहाला जातो. काय झालं होतं याचा पुरावा त्या पाडण्याबरोबरच गेलेला असतो.

माझे बाबा विद्युत मंडळात प्रोटेक्शनच्या कामात होते. सबस्टेशनवरचे रिले, म्हणजे दोष ओळखून ब्रेकर उघडायला लावणारी उपकरणं, तपासणं, त्यांची सेटिंगं लावणं यात त्यांची नोकरी गेली. लोकमान्य नगरातल्या आमच्या घरात मी लहानपणापासून ‘ट्रिप’ (दोष दिसताच वीज आपोआप तुटणं) हा शब्द इतक्या वेळा ऐकलाय की शाळेची ट्रिप हा त्याचा दुसरा अर्थ आहे असं मला वाटायचं. मोठ्या ट्रान्सफॉर्मरवर बुखोल्झ रिले नावाची एक चीज असते. माक्स बुखोल्झ यांनी ती १९२१ साली शोधली आणि आजही तेलाच्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरवर ती दिसते. मुख्य टाकी आणि वरची छोटी टाकी यांना जोडणाऱ्या नळीत ती बसवलेली असते. आत दोन तरंगते गोळे. ट्रान्सफॉर्मरच्या पोटात कुठे बारीकसं जळायला लागलं की तेलातून वायू सुटतो, हळूहळू वरच्या भागात साचतो आणि वरचा गोळा खाली येतो. तेवढ्याने नुसती घंटा वाजते. आत मोठाच स्फोटक दोष झाला तर तेलाचा लोंढा नळीतून उसळतो, खालचा गोळा ढकलला जातो आणि ब्रेकर उघडतो. वरचा गोळा वॉर्न, खालचा बग. माझ्या कामाचं मर्म मला कॉलेजात कुणी समजावलं नव्हतं, ते बाबांनी जेवणाच्या ताटावर दोन वाट्या ठेवून समजावलं.

घंटा वाजल्यावर काय करायचे, हे मात्र मी बरंच नंतर विचारलं. बाबा म्हणाले, “घंटा झाली की तडक जायचं. रिलेच्या डोक्यावर छोटी तोटी असते. तिच्यातून साचलेला वायू थोडा थोडा सोडायचा आणि काडी पेटवून जवळ धरायची. पेटला तर आत इन्सुलेशन जळतंय, ट्रान्सफॉर्मर काढून घ्या. नाही पेटला तर नुसती हवा अडकलीय, तेल भरताना राहिलेली.”

“आणि कुणी गेलंच नाही तर?”

“मग घंटा कशाला लावली?” ते म्हणाले. “घंटेचा आवाज त्रास देतो म्हणून तिच्यात कापडाचा बोळा कोंबलेला मी पाहिलाय. कुठे ते विचारू नकोस.”

कर्नेल स्वतःच्याच गंभीर चुकीवर आपटला की त्याला ऊप्स म्हणतात; त्या ऊप्सचा मजकूर वाचणं हे त्या काडीसारखंच काम आहे. बाहेरच्याला ती नुसती आकड्यांची रांगोळी वाटते. पण बघा, पहिल्याच ओळीत लिहिलेलं असतं की शून्य पॉइंटरवर (म्हणजे कुठेच न नेणाऱ्या पत्त्यावर) हात घातला आणि पत्ता दिलेला असतो. सगळी शून्यं, शेवटी ८. म्हणजे एका स्ट्रक्चरचा (माहितीच्या गठ्ठ्याचा) पत्ता शून्य निघाला आणि कोड त्यातल्या आठव्या बाइटापासून सुरू होणारी जागा वाचायला गेला. आता फंक्शनचं नाव वाचायचं, त्यापुढचे दोन आकडे वाचायचे (फंक्शनच्या सुरुवातीपासून किती आत, आणि फंक्शन एकूण किती लांब) आणि त्या स्ट्रक्चरमध्ये आठव्या बाइटावर काय आहे ते शोधायचं. बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो. साखळीत काही नावांच्या आधी प्रश्नचिन्ह असतं. त्या नावांवर फार विसंबायचं नाही, स्टॅकवर पडलेला तो जुना कचराही असू शकतो. आणि मग ‘टेन्टेड’ची, म्हणजे कर्नेलला आधी कोणते डाग लागलेत त्याची ओळ. तिथे अक्षरं असतात. पी म्हणजे बंदिस्त परवान्याचं मॉड्यूल लावलंय, डी म्हणजे या आधी एकदा ऊप्स होऊन गेलाय, डब्ल्यू म्हणजे आधी एक वॉर्निंग येऊन गेलीय. मला सगळ्यात जास्त उपयोग या डब्ल्यूचा होतो. गिऱ्हाइकाने मोठ्या काळजीने शेवटचा मजकूर पाठवलेला असतो, त्यात डब्ल्यू दिसतो, आणि कळतं की खरी घंटा केव्हाच वाजून गेली, हा तर नंतरचा लोंढा. मग फोन करायचा. भैया, इससे ऊपर का भी भेजो. जितना है, सब.

बाबांकडून शिकलेली दुसरी गोष्ट जास्त मोलाची आहे. रिले बनवणारी कंपनी रिले बनवते, त्यावर डायल देते. डायल कुठे ठेवायचा ते कंपनी ठरवत नाही. त्या लाइनची लांबी किती, पलीकडे कोण आहे, इथे ट्रिप झालं तर भार कुठे वळेल, हे सगळं बघून त्या ठिकाणचा सेटिंगचा कागद निघतो. रिले तोच, कागद दर सबस्टेशनचा वेगळा. आणि एकदा लावलेला कागद जन्माचा नसतो. भार वाढला, शेजारची लाइन बंद ठेवली, तर काल बरोबर असलेलं सेटिंग आज चूक ठरतं.

ते किती चूक ठरू शकतं याचं उदाहरण आमच्याच राज्यात घडलं. ३० जुलै २०१२ च्या रात्री अडीचच्या सुमारास ४०० केव्हीची बिना–ग्वाल्हेर लाइन ट्रिप झाली. तिच्यावर दोष काहीच नव्हता. ना वीज कोसळली होती, ना तार तुटली होती. लाइनचा जोडीदार कामासाठी बंद, उत्तरेकडे ओढ प्रचंड, व्होल्टेज खाली गेलेलं. डिस्टन्स रिले व्होल्टेजला करंटने भागून दोष किती दूर आहे ते मापतो. भार भरमसाट वाढला आणि व्होल्टेज घसरलं, तर तो भागाकारही लहान येतो आणि रिलेला वाटतं की पार लांब कुठेतरी शॉर्ट झालंय. त्याने इमानेइतबारे ब्रेकर उघडला. त्या लाइनचा भार दुसऱ्यांवर पडला, त्या एकामागून एक गेल्या आणि अख्खा उत्तर ग्रिड अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास पुन्हा तीच लाइन, आणि या वेळी उत्तरेबरोबर पूर्व आणि ईशान्यही. दिल्लीची मेट्रो बोगद्यात उभी राहिली. पश्चिम ग्रिड टिकला म्हणून इंदूरला दिवे चालू होते. बाबा तेव्हा निवृत्त झाले होते, पण जुन्या सहकाऱ्यांचे फोन दिवसभर चालले होते आणि प्रत्येक फोनवर ते एकच वाक्य बोलत होते, “रिले बिघडला नाही रे, रिलेने सांगितलं तेच केलं.”

कर्नेलवाल्यांच्या जगात हे वाक्य लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी फार वेगळ्या स्वरात उच्चारलंय. त्यांचा स्वर इथे उतरवण्याची सोय नाही, घरातली मुलंही हे वाचतात. पण मुद्दा त्यांचा पक्का आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ४.८ ही आवृत्ती निघता निघता मेमरी व्यवस्थापनाच्या कोडमध्ये काही बदल शिरले आणि त्यांत बग-ऑनच्या तपासण्या होत्या. आवृत्ती बाहेर पडली आणि काहींची मशीनं त्या तपासण्यांवरच आपटू लागली. टोरवाल्ड्सनी त्या स्वतः बदलल्या, आणि बदलाच्या शीर्षकातच लिहिलं की ‘असं नसेलच’ असं ठासून सांगायला बग-ऑन वापरणं कधीच चालणार नाही. तपासणी राहू द्या, ओरडू द्या, पण लोकांचं मशीन मारू नका. २०२२ साली हेच कर्नेलच्या लेखनशैलीच्या अधिकृत नियमांत आलं. कर्नेल कोसळवायचा की नाही हा निर्णय साधारणपणे वापरणाऱ्याचा, कोड लिहिणाऱ्याचा नव्हे, अशा अर्थाचं एक वाक्य तिथे आहे. ते वाचलं तेव्हा मला बाबांचा सेटिंगचा कागदच समोर दिसला.

आणि कर्नेलमध्ये हे डायल खरोखरच आहेत. पॅनिक-ऑन-ऊप्स, पॅनिक-ऑन-वॉर्न, आणि पॅनिक झाल्यावर किती सेकंदांनी आपणहून पुन्हा चालू व्हायचं तो आकडा. एक्स्ट ४ फाइल सिस्टिम डिस्कवर जोडताना तर तीन पर्याय असतात. गडबड आढळली तर तसंच पुढे जा, किंवा फक्त वाचायला ठेव आणि लिहिणं बंद कर, किंवा सरळ पॅनिक कर. ज्याच्या डिस्कवर लोकांच्या पैशांचे हिशेब आहेत तो तिसरा निवडेल. ज्याच्या डिस्कवर दुकानातल्या टीव्हीवर फिरवायच्या जाहिराती आहेत तो पहिला निवडेल. फाइल सिस्टिम लिहिणाऱ्याने तिन्ही दरवाजे ठेवले आणि किल्ली दुसऱ्याला दिली. मला लिनक्समधल्या सभ्यतेचा हा नमुना वाटतो.

हा सेटिंगचा प्रश्न आमच्याकडे रोज कसा येतो ते सांगते. ग्वाल्हेरचा एक मुलगा आमच्या टीममध्ये आहे. घर मराठी, पिढ्यान्‌पिढ्या लष्करात राहिलेलं. (बाहेरच्यांसाठी: ग्वाल्हेरात लष्कर हा शहराचा भाग आहे, सैन्य नव्हे.) त्याने सीरियल वायरीवरून सेन्सरची पाकिटं वाचणारा ड्रायव्हर लिहिला. छान लिहिला. पण मध्ये एक ओळ होती. पाकिटाची लांबी २४ बाइटांहून जास्त निघाली तर बग-ऑन.

“हे कशाला?” मी विचारलं.

“ताई, २४ पेक्षा मोठं पाकीट येऊच शकत नाही. डेटाशीटमध्येच लिहिलंय. आलं तर काहीतरी भयंकर चुकलंय.”

“डेटाशीट वेल्डिंग मशीनला कुणी वाचून दाखवलीय का?”

तो हसला, पण त्याला पटलं नव्हतं. मग कागदावर काढून बघितलं. सेन्सरची वायर ज्या ट्रेमधून जाते त्याच ट्रेमधून वेल्डिंगची केबल जाते. वेल्डिंग चालू झालं की वायरीत कचरा उमटतो. लांबीच्या बाइटात २४ च्या जागी २०० येणं हा तिथला रोजचा व्यवहार. बग-ऑन लागला की ज्या थ्रेडमध्ये, म्हणजे कामाच्या ज्या धाग्यात, आपण आहोत तो कर्नेल तिथल्या तिथे मारतो. पण सामायिक माहितीला एका वेळी एकानेच हात लावावा म्हणून त्या थ्रेडने धरलेलं कुलूप कोण सोडणार? कुणीच नाही. मग त्या कुलपासाठी थांबलेला दुसरा थ्रेड अडकतो, त्याच्यासाठी थांबलेला तिसरा, आणि १२० सेकंदांनी कर्नेल तक्रार करायला लागतो की अमुक काम दोन मिनिटं हललेलं नाही. लॉगमध्ये तिसऱ्याचंच नाव दिसतं, आणि आपण तिसऱ्याचाच कोड तपासत बसतो. आणि हेच जर इंटरप्टमध्ये, म्हणजे हार्डवेअरने मध्येच मारलेल्या हाकेवर चालणाऱ्या कोडमध्ये, घडलं तर मारायला थ्रेडही नसतो, थेट पॅनिक.

“मग वॉर्न-ऑन करतो,” तो म्हणाला.

“तेही नको.”

इथे नवीन मुलं हमखास गोंधळतात, म्हणून जरा विस्ताराने. वॉर्न-ऑन ही कर्नेलने स्वतःबद्दल द्यायची कबुली आहे. माझ्याच कोडमध्ये कुठेतरी बग आहे, तो शोधा, असा तिचा अर्थ. वायरीतून कचरा आला हा कर्नेलचा बग नव्हे, ते जग आहे. जगाकडून काहीही येऊ शकतं. वापरकर्त्याने चुकीचा आकडा दिला, यूएसबी मध्येच उपटली, सेन्सर मेला, यांतल्या कशालाही वॉर्न लावायचा नाही. तिथे साधी चूक परत करायची, वाटल्यास एक ओळ छापायची, तीही मोजूनमापून, नाहीतर वेल्डर दिवसभर काम करेल आणि लॉग कचऱ्याने भरेल. शिवाय काही जण आपल्या सर्व्हरवर पॅनिक-ऑन-वॉर्न लावून ठेवतात, म्हणजे तुमची ताकीद त्यांच्याकडे फाशी होते. त्यांनी ते समजून उमजून निवडलंय, त्यांच्या भीतीने खरी वॉर्निंग लपवायची नाही. पण बाहेरच्या कुणाला हवं तेव्हा वाजवता येईल अशी घंटाही ठेवायची नाही. आणि खरा वॉर्न लावायचाच तर एकदाच ओरडणारा लावायचा, वॉर्न-ऑन-वन्स. दर सेकंदाला तीच घंटा वाजली की कापडाचा बोळा आलाच.

शेवटी त्या मुलाने ती ओळ काढली. लांबी तपासली, जास्त असेल तर पाकीट टाकून दिलं, मोजणी एकने वाढवली आणि चूक परत केली. त्यासाठी त्याला बराच जास्त कोड लिहावा लागला, कारण परत फिरायचं म्हणजे ज्या क्रमाने मेमरी घेतली, कुलूप लावलं, इंटरप्ट नोंदवला, त्याच्या बरोबर उलट क्रमाने सगळं सोडत यावं लागतं. कर्नेलमध्ये फंक्शनच्या शेवटी ‘गोटू’च्या (थेट दुसऱ्या ओळीवर उडी मारायच्या सूचनेच्या) पायऱ्या दिसतात त्या यासाठीच. कॉलेजात गोटू हा शब्द उच्चारला तरी सर भडकायचे, इथे तोच अब्रू राखतो. बग-ऑन एका ओळीत होतो आणि सावरायला पंधरा ओळी लागतात. बग-ऑन लोकांना इतका का आवडतो याचं, सगळं तत्त्वज्ञान बाजूला ठेवलं तर, हेच कारण आहे असं माझं मत आहे. बाकी ‘डेटा वाचवण्यासाठी थांबवतो’ वगैरे नंतर सुचतं.

थांबणं कधीच बरोबर नसतं असं मात्र नाही, आणि या बाबतीत टोरवाल्ड्सच्या भक्तांशी माझं थोडं वाजतं. ऊप्स झाल्यावर थ्रेड मारून पुढे जाणं हेही फुकट नसतं. त्या मेलेल्या थ्रेडने वाढवलेले संदर्भांचे आकडे (एखादी वस्तू किती जण वापरतायत त्याची मोजणी) तसेच वाढलेले राहतात. कुणी दुष्टाव्याने तोच ऊप्स पुन्हा पुन्हा घडवला तर आकडा भरून शून्यावर येतो, कर्नेलला वाटतं ही वस्तू आता कुणाला नको, आणि वापरात असलेली मेमरी मोकळी केली जाते. तिथून आत शिरायची वाट तयार होते. हे दाखवून दिल्यावर २०२३ च्या सुरुवातीला आलेल्या ६.२ आवृत्तीत ऊप्सना मर्यादा घातली गेली. मूळ सेटिंग १०,००० चं. तेवढे झाले की पॅनिक. म्हणजे सतत ‘चालू ठेव’ म्हणणाऱ्या घरातही शेवटी एक खालचा गोळा बसवावाच लागला. तोही डायल आहे, बदलता येतो.

पण ‘काही झालं की थांब’ हेच धोरण ठेवलं तर काय होतं, हे एरियान-५ च्या पहिल्या उड्डाणात जगाने पाहिलं. ४ जून १९९६. दिशा सांगणाऱ्या संगणकात ६४ बिटांचा अपूर्णांकी आकडा १६ बिटांच्या पूर्णांकात बसवताना मावला नाही. धोरण असं होतं की अपवाद आला म्हणजे हार्डवेअर बिघडलं असणार, तेव्हा हा संगणक बंद करा, जोडीचा राखीव आहेच. राखीव संगणकात तोच कोड, त्यामुळे तो क्षणभर आधीच बंद झाला होता. मग मुख्यही झाला. बंद होताना त्याने निदानासाठी जे आकडे ओळीवर टाकले, ते रॉकेटने उड्डाणाची माहिती समजून वाचले आणि वळण घेतलं. चाळीस सेकंदांच्या आत सगळं संपलं. आणि ज्या गणितात ही चूक आली त्याचं उड्डाणानंतर काही कामच नव्हतं. ते आधीच्या एरियान-४ साठी ठेवलेलं होतं, तसंच पुढे चालत आलं होतं. मी हा प्रसंग नवीन मुलांना सांगते तेव्हा ते आकडा न मावण्याबद्दल हळहळतात. मला त्यातलं ‘राखीव आहेच’ हे जास्त खटकतं.

पुन्हा उठवायची किंमत तर थांबवणारा कधी मोजतच नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या एका अपडेटमुळे कर्नेलमधल्या ड्रायव्हरने नको तिथली मेमरी वाचली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीनं निळी पडली. तिथे विंडोजने थांबणं चूक होतं असं मी म्हणणार नाही. पण ती मशीनं चालू झाली की पुन्हा तोच ड्रायव्हर, पुन्हा निळी. म्हणून माणसांना एकेका मशीनपाशी बसून, सेफ मोडमध्ये जाऊन, हाताने ती फाइल काढावी लागली. विमानतळांवर बोर्डिंग पास पेनाने लिहून दिले गेले. पडायला क्षण पुरला, उठवायला माणसं लागली, आणि ती माणसं वेगळीच होती.

आमच्या डब्यांसाठी आता आम्ही बाबांच्या धर्तीवर एक कागद करतो. प्रत्येक जागेचा वेगळा. टेस्टिंगच्या रॅकवर पॅनिक-ऑन-वॉर्न चालू, कारण तिथे प्रत्येक घंटेला धावत जायचं असतं. कारखान्यात ते बंद. ऊप्स झाला तर पॅनिक, कारण अर्धमेल्या डब्याने खोटं तापमान दाखवण्यापेक्षा न दाखवलेलं बरं. मरताना शेवटचा मजकूर मेमरीच्या एका राखून ठेवलेल्या तुकड्यात जातो, तो रीबूटनंतरही वाचता येतो. फिटरने एमसीबी पाडला तर मात्र तोही जातो, म्हणून पॅनेलवर चिठ्ठी चिकटवलीय. आणि दहा सेकंदांनी आपणहून पुन्हा चालू. हे दहा आम्हीच ठरवले होते, आणि ते इतके उघड वाटत होते की कागदावर तो रकाना ठेवावा की नाही यावरच चर्चा झाली.

कागद गेल्यावर पिथमपूरच्या एका कारखान्यातल्या मेन्टेनन्सच्या साहेबांचा फोन आला. “मॅडम, ये दस सेकंड वाला हटा दो.”

मी समजावायला लागले की मग डबा तसाच बंद राहील, कुणीतरी येऊन उठवावा लागेल.

“वही तो चाहिए,” ते म्हणाले. डबा बंद पडला की पट्टा थांबतो. पट्टा थांबला की पोरं आत हात घालून अडकलेला माल काढायला लागतात. डबा आपणहून उठला की पट्टाही उठतो. त्यांच्या माणसाने समोर उभं राहून बघितल्याशिवाय काहीही चालू व्हायला नको होतं.

हे कुलूप खरं तर पट्ट्याच्या वायरिंगमध्येच असायला हवं, डब्याच्या भरवशावर नको, आणि तसं मी त्यांना त्याच दिवशी लिहून पाठवलं. पट्ट्याची वीज जोडणारा-तोडणारा कॉन्टॅक्टर बदलायचं काम त्यांनी शटडाउनमध्ये घेतलंय. तोवर त्यांच्या कागदावर त्या रकान्यात शून्य आहे, म्हणजे आपणहून पुन्हा चालू व्हायचंच नाही, डबा गप्प झाला की त्याला परस्पर रीबूट करणारा हार्डवेअर वॉचडॉगही त्याच हिशेबाने बंद ठेवलाय, आणि खाली सही त्यांची आहे.